काटा साठवर

माझा धाकटा भाऊ गाडी इतकी सांभाळून चालवतो की डेपोत त्याला सगळे कासव म्हणतात. एकोणीस वर्षं तो कारखान्याच्या कामगारांची बस चालवतोय आणि एवढ्या वर्षांत त्याने कुणाचा आरसासुद्धा फोडलेला नाही. अशा माणसावर आरोप ठेवला की त्याने वेगाचा डबा बिघडवून बस बहात्तरने पळवली. मी ऐकलं तेव्हा आधी हसले. मग तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

मी गव्हर्नरचं, म्हणजे गाडीचा वेग आवरणाऱ्या यंत्राचं काम करते. वडीलही हेच करायचे. त्यांच्या काळी डिझेलच्या पंपात दोन लोखंडी वजनं असायची, इंजिनाबरोबर गरगर फिरणारी. वेग वाढला की ती बाहेर फाकायची आणि डिझेलची दांडी मागे ओढायची. वेग पडला की वजनं मिटायची, दांडी पुढे यायची, डिझेल वाढायचं. वडील मोठ्या प्रेमाने ते गिऱ्हाइकांना दाखवायचे आणि शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "फक्त या पोरीला गव्हर्नर बसवायचा राहून गेला." गिऱ्हाइकं खो खो हसायची. मी पाना आपटायची.

आता वजनं गेली आणि डबा आला. ड्रायव्हरच्या सीटखाली बसतो, तळहाताएवढा. गाडी ठरवलेल्या वेगाला पोचली की पेडल कितीही दाबा, डबा इंजिनाला जास्तीचं डिझेल मिळू देत नाही. मी तो डबा बसवते, वर्षातून एकदा तपासते, तारेला शिशाचं सील मारते आणि कागदावर सही करते. त्या सहीशिवाय बस रस्त्यावर आणता येत नाही. भावाच्या बसचा डबा साठला बांधलेला होता आणि त्यावर सील माझं होतं.

झालं असं, की सकाळी साडेसातला एक मास्तर सायकलवरून शाळेत निघाले होते. चौकात ते आडवे आले. भावाने ब्रेक मारला, पण बस जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, चांगली दहा-बारा पावलं पुढे गेली. मास्तरांची मांडी दोन ठिकाणी मोडली. चौकातल्या कॅमेऱ्यात बसचा वेग बहात्तर आला. डब्याच्या नोंदीत मात्र साठ. डब्यात साठ आणि रस्त्यावर बहात्तर, म्हणजे ड्रायव्हरने डब्याला काहीतरी केलंय, असं डेपोच्या मॅनेजरने उभ्या उभ्या ठरवून टाकलं आणि भावाला घरी बसवलं.

"ताई, माझा काटा साठवर होता," भाऊ मला दहा वेळा म्हणाला. "मी बघितला होता गं. चौकाच्या आधी मी नेहमी बघतो."

"मग तसं सांग ना त्या उंटावरच्या शहाण्याला."

"सांगितलं. ते म्हणाले, काटा साठवर होता म्हणजेच तू काहीतरी केलंस."

अकरा दिवस माझा भाऊ रोज इस्पितळात मास्तरांपाशी जाऊन बसत होता. एकट्या जिवाचे मास्तर, त्यांना पाणी द्यायचं, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा. लायसन्स गेलं तर पुढे काय, हे तो बोलत नव्हता, पण दुसरं कुठलंच काम त्याला येत नाही हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक टाइप केलेला कागद. 'वेगनियंत्रकाच्या जोडणीत मी स्वतः फेरफार केला' असं त्यात लिहिलेलं. खाली सहीची जागा मोकळी होती आणि शेजारी पेन होतं.

"हे काय आहे?"

"उद्या अकराला चौकशी आहे. परवाना खात्याचे अधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोर द्यायचंय."

"तू केलास फेरफार?"

"नाही."

"मग डोकं फिरलंय का तुझं?"

तो पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग हळूच म्हणाला, "साहेब म्हणाले, तू कबूल केलंस तर तीन महिन्यांत प्रकरण मिटेल. नाहीतर सील कुणाचं आहे ते बघावं लागेल. भावाची बस, बहिणीचं सील. लोक काय ते समजतील म्हणाले."

म्हणजे हा कासव मला वाचवायला निघाला होता. आणि मला न विचारता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी कागदाचा बोळा केला, त्याला म्हटलं, "चप्पल घाल आणि चल," आणि हत्यारांची पेटी उचलली.

डेपोत पोचेपर्यंत मी मॅनेजरला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी केली होती. प्रत्यक्षात तो जेवायला गेला होता. फोरमन होता. मी म्हटलं, सील माझं आहे, मला बस तपासायचा हक्क आहे, अडवायचं असेल तर लेखी द्या. फोरमन लेखी द्यायला कधीच तयार नसतो. त्याने चावी दिली आणि कडेला उभा राहिला.

सील शाबूत होतं. माझाच शिक्का, माझीच गाठ. तार कुठे कापलेली नाही, जोडलेली नाही. डबा काढून माझ्या यंत्राला लावला, तर अगदी साठला डिझेल तोडत होता. मागच्या टायरचा घेर फीत लावून मोजला, कागदावर लिहिला होता तेवढाच. म्हणजे भावाने काही केलेलं नाही एवढं पक्कं झालं. पण मग बारा किलोमीटरचा फरक आला कुठून?

"ताई," भाऊ म्हणाला, "आता बोलू का? हल्ली मी कारखान्यात पाच-सात मिनिटं लवकर पोचायचो. सगळे हसायचे, कासव वेळेआधी कसं काय आलं म्हणून. मला वाटायचं, रस्ता मोकळा मिळतोय."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"आणि चढावर गाडी जड झालीये. ते मात्र मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

माझा हात फितीवरच थांबला. डब्याला रस्ता दिसत नाही. गाडी किती पळाली हे त्याला कळायचा एकच मार्ग असतो. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब शाफ्ट जातो, त्या शाफ्टचे फेरे डबा मोजतो. शाफ्टच्या टोकाला, मागच्या दोन चाकांच्या मधे, दातांची दोन चाकं असतात. मोठ्याला क्राऊन म्हणतात, छोट्याला पिनियन. शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, हे त्यांच्या दातांवर ठरतं. तो आकडा आम्ही डब्याला सांगून ठेवतो. कुणी ते दात बदलले आणि डब्याला सांगितलं नाही, तर डबा जुन्याच हिशेबाने चालतो. आणि समोरचा काटाही. दोघं मिळून एकच खोटं बोलतात, तेही अगदी प्रामाणिकपणे.

"चाक उचल," मी म्हटलं.

एका बाजूचं मागचं चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर पक्कं अडवलं. मी खडू घेऊन बसखाली गेले, शाफ्टवर एक रेघ मारली, टायरवर एक. एकच चाक मोकळं असलं की त्याचे दोन फेरे म्हणजे गाडीचा एक धरायचा. भाऊ चाक फिरवत होता आणि मोठ्याने मोजत होता, मी खाली पडून शाफ्टची रेघ मोजत होते. वीस फेरे. माझ्या कागदाप्रमाणे शाफ्टचे साडेअठ्ठावन्न व्हायला हवे होते. झाले पावणेएकोणपन्नास.

पुन्हा मोजले. पुन्हा पावणेएकोणपन्नास.

मी तिथेच, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर, खडूने भागाकार मांडला. काट्यावर साठ असताना बस रस्त्यावर किती पळेल? उत्तर आलं बहात्तर. अकरा दिवसांनी मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. बसखालून बाहेर सरकताना मी फोरमनच्या अंगावरच गेले.

"क्राऊन कुणी बदलला?"

फोरमनने आधी कानांवर हात ठेवले. मग मी बसच्या पोटाखालचे नवे नट दाखवले, तेव्हा तो ऑफिसात गेला आणि कामाची वही घेऊन आला. क्राऊनचे दात झडले होते. नवा मागवायचा तर महिना गेला असता, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून लांब पल्ल्याच्या एका मोडीतल्या बसचा पिनियनसकट काढून बसवला. तारीख लिहिलेली होती. आठ महिन्यांपूर्वीची.

"आणि मला कळवावं असं एकालाही वाटलं नाही? एक माणूस मांडी मोडून पडलाय, माझा भाऊ गुन्हेगार ठरतोय, आणि तुम्ही सगळे मूग गिळून बसलाय. लाज कशी वाटत नाही?"

मी बरंच बोलले. सगळं इथे लिहीत नाही. फोरमन शांतपणे ऐकत होता. मी दमले तेव्हा त्याने वहीचं पान उलटलं आणि तिथे लावलेल्या तपासणीच्या कागदावरची माझीच सही माझ्यापुढे धरली.

"बाई, आम्ही क्राऊन बदलला आठ महिन्यांपूर्वी. तुम्ही वार्षिक तपासणी केलीत सहा महिन्यांपूर्वी. त्या कागदात क्राऊनच्या दातांचा रकाना आहे. तो तुम्ही भरलाय."

एक्केचाळीस-सात, म्हणजे क्राऊनचे दात एक्केचाळीस आणि पिनियनचे सात. माझ्याच अक्षरात. बसमध्ये होता एकोणचाळीस-आठ.

मला तो दिवस लख्ख आठवला. भाऊ बस घेऊन माझ्या दुकानात आला होता आणि आल्या आल्या म्हणाला होता, "ताई, बाबांचं ते पंप तपासायचं जुनं यंत्र आता विकून टाकू या का? जागा अडते." झालं. माझी तार सटकली. बाबांचं यंत्र विकायला निघालास, उद्या मलाही विक, असं काहीबाही मी बोलले. तो म्हणत होता, गाडी चढावर जड वाटते, एकदा बघतेस का. मी म्हटलं, गाडी नाही, तुझी अक्कल जड झालीये. डबा तपासला, टायरला फीत लावली, पण चाक काही उचललं नाही. मागच्या वर्षीचा कागद समोर घेतला, क्राऊनचा आकडा त्यावरून उतरवला, सही ठोकली, आणि कागद त्याच्या हातात कोंबून म्हटलं, घे आणि चालता हो.

भाऊ जॅकजवळ उभा होता. फोरमन बोलला ते त्याने ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्याने फक्त विचारलं, "तू मोजलं नव्हतंस?"

"नाही."

तो खाली वाकून जॅक सोडवायला लागला. मी बाहेर नळावर हात धुतले. तेल निघता निघेना. मला त्या क्षणी फोरमनचा राग आला, मॅनेजरचा आला, मोडीतल्या त्या बसचाही आला, आणि कुठलाच राग टिकेना. सगळे फिरून माझ्याकडेच येत होते.

तेवढ्यात मॅनेजर जेवून आला. फोरमनने त्याच्या कानाला लागून काय ते सांगितलं असणार, कारण तो एकदम गोड झाला. मला आत बोलावलं, खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"हे बघा ताई, चूक माणसाकडूनच होते. आमच्याकडून कळवायचं राहिलं, तुमच्याकडून मोजायचं राहिलं. कशाला वाढवायचं? तुमचा भाऊ सही करायला तयार आहे. तीन महिने घरी बसेल, चौथ्या महिन्यात मी त्याला गाडीवर घेतो. तुमचं दुकान चालू, आमचा डेपो चालू."

खरं सांगते, मी लगेच उठले नाही. मी ते पाणी प्यायले. वडिलांच्या हातचं दुकान, तीस वर्षांचं माझं नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तीन महिनेच तर आहेत, असं एकदा मनात येऊन गेलं. त्याची मला आजही शरम वाटते.

मग मी विचारलं, "आणि मास्तरांची केस? त्यात हा कबुलीचा कागद लागला तर? मुद्दाम वेग वाढवून माणूस चिरडला, असाच त्याचा अर्थ होईल. त्याला तुरुंग होईल."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू," मॅनेजर म्हणाला. "वकील असतात ना."

माझ्या भावाचा तुरुंग तेव्हाचा तेव्हा बघणार होता हा माणूस. मी ग्लास टेबलावर ठेवला. आपटला असता तर फुटला असता, म्हणून जपून ठेवला. "उद्या अकराला भेटू," म्हटलं आणि निघाले.

रस्त्यात भाऊ म्हणाला, "ताई, मी सही करतो. तू काही बोलू नकोस."

"तू गप्प बस."

"तुझं दुकान बंद होईल."

"गप्प बस म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी चौकशीला आम्ही पाचजण होतो. अधिकारी बाई होत्या, चष्मा नाकावर, चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या. मॅनेजरने सुरुवात केली, ड्रायव्हर कबुली देणार आहे म्हणून. मी उभी राहिले. कामाच्या वहीतलं पान, माझा सहा महिन्यांपूर्वीचा कागद आणि कालची मोजणी, तिन्ही त्यांच्यापुढे ठेवली. क्राऊन डेपोने बदलला आणि कळवला नाही, हे सांगितलं. मग सांगितलं की तपासणीत चाक उचलून मोजायचं असतं आणि मी मोजलं नाही, जुना आकडा उतरवला.

"का?" बाईंनी विचारलं.

"रागात होते."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग बस अंगणात काढायला लावली, चाक उचलायला लावलं, आणि स्वतः वाकून फेरे मोजले. तासाभराने निकाल दिला. ड्रायव्हरचा दोष नाही, लायसन्सला धक्का नाही. मॅनेजर आणि फोरमनवर वेगळी चौकशी. माझा सीलचा परवाना त्याच दिवसापासून बंद, आणि मास्तरांच्या केसमध्ये आता भावाऐवजी माझा जबाब. मॅनेजर माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याचं घर जाळलं. बघू दे. त्याच्याशी मला आणखी भांडता आलं असतं, पण जोरच उरला नव्हता.

फाटकाबाहेर मला वाटलं, भाऊ आता तरी चिडेल. चिडावं असं मनापासून वाटत होतं. चांगल्या दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी मास्तरांकडे चाललोय. तू पण चल. हे तू सांगायचं, मी नाही सांगणार."

इस्पितळात मी पहिल्यांदाच गेले. बारा दिवसांत एकदाही गेले नव्हते. भावाला सोडवण्याच्या नादात मास्तर माझ्यासाठी नुसतं केसमधलं एक नाव झाले होते. प्रत्यक्षात ते लहानखुरे होते, साठीला आलेले. पाय कप्पीवरून दोरीने वर टांगलेला, दोरीच्या टोकाला वजन. भावाला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या कासवराव. काय झालं आज?"

"सुटलो मास्तर," भाऊ म्हणाला. "ही माझी ताई. हिला तुमच्याशी बोलायचंय."

मी सगळं सांगितलं. क्राऊन, पिनियन, शाफ्टचे फेरे, माझी सही. ते मधे मधे प्रश्न विचारत होते, वर्गात पोराला विचारावं तसे, आणि समजलं की मान हलवत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. मी त्यांना म्हटलं, मला काय बोलायचं ते बोला.

मास्तरांनी विचारलं, "ती मोजणी करायला वेळ किती लागतो?"

"दहा मिनिटं."

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग मास्तरांनी त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलाकडे बोट केलं.

"बसा," ते म्हणाले. "दहा मिनिटं बसा इथे. काही बोलू नका."

मी बसले. समोर घड्याळ होतं आणि मधे त्यांचा पाय. मांडीवरच्या टाक्यांभोवती कातडी काळीनिळी पडली होती. कळ आली की ते पलंगाची दांडी धरायचे, ओठ मिटायचे, आणि ती गेली की हळूच बोटं सोडायचे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी नुसता हात वर केला. तिसऱ्या मिनिटाला कळ आली. पाचव्याला पुन्हा आली. सहाव्या मिनिटाला मला रडू फुटलं, आणि अजून चार मिनिटं बाकी होती.